खुलं पत्र: दुसऱ्या मजल्यावरचा रिहॅब वॉर्ड बंद करण्याआधी हे वाचा

रुग्णालयाच्या व्यवस्थापन मंडळातल्या सगळ्या सदस्यांना,

नमस्कार.

रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. तुम्हाला कळेलच हे पत्र कुणाला आहे ते, आणि बाकी वाचणाऱ्यांना नावाशी काही घेणंदेणं नाही, त्यांच्यापैकी कुणाच्या तरी घरात उद्या हेच होऊ शकतं म्हणून मी हे सगळ्यांसमोर लिहितेय.

मागच्या मंगळवारी फॉलो-अपला आले होते. लिफ्टच्या बाजूला एक कागद चिकटवलेला. पुनर्वसन विभागातल्या (म्हणजेच रिहॅबच्या, जिथे अपघातानंतर पुन्हा चालणं, रोजची कामं करणं शिकवतात) १४ खाटा पुढच्या महिन्यापासून सर्जरीच्या वॉर्डकडे वर्ग करण्यात येत आहेत, आणि पुनर्वसनाच्या रुग्णांना घरी करायच्या व्यायामांचा तक्ता आणि व्हिडिओ देण्यात येतील. एवढंच, दोन वाक्यं. मी काठी टेकून तिथेच तीनदा वाचलं. लिफ्ट येऊन गेली, परत आली, परत गेली.

तो तक्ता मला माहितीये हो. माझ्याकडे अजून आहे, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यामुळे त्यातल्या माणसाचा एक पाय पुसट झालाय. ७ आठवडे तो माझ्या पलंगाशेजारी होता. त्या ७ आठवड्यांत काय झालं ते सांगण्यासाठीच हे पत्र.

आधी मी कोण ते सांगते. मी शाळेत गणित शिकवते. १४ महिन्यांपूर्वी गाडीला अपघात झाला, मी ड्रायव्हरच्या शेजारी होते, आणि त्यानंतरचे ११ दिवस माझ्याकडे नाहीतच. फाइल वाचून कळलं की डाव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं, कमरेचं हाड दोन ठिकाणी तडकलं, उजवीकडच्या ५ बरगड्या गेल्या, छातीत नळी टाकली, मेंदूला मार बसून थोडा रक्तस्राव झाला, आणि डाव्या गुडघ्याखालची नस ताणली गेल्यामुळे पाऊल लुळं पडलं. त्यातले ९ दिवस व्हेंटिलेटरवर होते. मांडीत रॉड टाकला. हे सगळं तुमच्या सर्जन लोकांनी आणि आयसीयूतल्या नर्सनी निभावलं आणि मी जिवंत आहे ती त्यांच्यामुळे, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. पुढे जी तक्रार आहे ती वाचताना हे वाक्य कृपया विसरू नका.

फाइलमध्ये एक आकडा होता, २७. गणिताची बाई असल्यामुळे मी अर्थातच तो काय आहे ते शोधलं. जखमा किती गंभीर आहेत हे मोजायचं हे सूत्र १९७४ पासून वापरात आहे. शरीराचे ६ भाग करायचे, प्रत्येक भागातल्या सगळ्यात वाईट जखमेला मार्क द्यायचे, मग सगळ्यात जास्त मार्क असलेले ३ भाग घेऊन त्यांच्या मार्कांचे वर्ग करायचे आणि बेरीज करायची. १५ च्या वर गेलं की मोठा ट्रॉमा, म्हणजे गंभीर दुखापत. मला डोक्याला ३, छातीला ३, हात-पाय-कंबर या भागाला ३, म्हणजे ९ अधिक ९ अधिक ९. आता गंमत बघा, मांडी, कंबर आणि मनगट (मनगटाचं पुढे येईलच) हे तिन्ही एकाच रकान्यात येतात, त्यामुळे मोजली फक्त मांडी. बाकी दोन बेरजेत नाहीतच. जीव वाचेल का याचा अंदाज घ्यायला ते सूत्र बनवलंय आणि त्या कामाला ते चालतं, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण घरी गेल्यावर मला तिन्ही एकदमच वापरायची होती ना.

माझी पहिली तक्रार इथूनच सुरू होते. तुमच्याकडे माझ्या प्रत्येक अवयवाला डॉक्टर होता. हाडांचे वेगळे, छातीचे वेगळे, मेंदूचे वेगळे, नंतर हाताचे वेगळे. सगळे हुशार, सगळे घाईत. पण त्या सगळ्यांनी सांगितलेलं एकत्र करून ही बाई उद्या सकाळी बाथरूमला कशी जाणार हे बघणारं कोणीच नव्हतं.

१९ व्या दिवशी मी नर्सला म्हटलं की उजव्या अंगठ्याखाली दुखतंय. एक्स-रे काढला तर मनगटातलं छोटं हाड मोडलेलं. इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. याबद्दल मी चिडलेली नाही, मोठ्या जखमांच्या गडबडीत लहान जखम निसटणं हे सगळीकडे होतं म्हणतात, आणि म्हणूनच पेशंट स्थिर झाल्यावर डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा एकदा तपासायची पद्धत आहे. ती माझ्या वेळी राहून गेली किंवा नीट झाली नाही. ठीक आहे. हाताला प्लास्टर घातलं.

५ दिवसांनी डिस्चार्ज. कागदावर हाडांच्या डॉक्टरांचं लिहिलेलं: डाव्या पायावर ८ आठवडे अजिबात वजन नको, वॉकर घेऊन चालणे. त्याच कागदावर चार ओळी खाली हाताच्या डॉक्टरांचं: उजव्या हातावर वजन नको. आता मला सांगा, एका पायावर वजन टाकायचं नाही म्हणून वॉकर, आणि वॉकर धरायचा तर हातावर वजन येणारच. बरगड्या दुखतायत ते वेगळंच. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. माझ्या नवऱ्याने काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, दोन्ही सांभाळून करा.

याला उपाय होता हे मला दोन महिन्यांनी कळलं. कोपरापासून पुढचा हात आडवा टेकवता येतो असा वॉकर मिळतो, वजन मनगटावर न येता हातावर पसरतं. साधी वस्तू आहे. तुमच्याच बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, रिहॅबच्या जिममध्ये कोपऱ्यात दोन उभे होते. मी चौथ्या मजल्यावर होते. दोन मजले खाली.

तर मग घरी.

मी चाललेच नाही. पलंग, व्हीलचेअर, पलंग. नवरा मला काखेत हात घालून उचलायचा, तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पाठीत लचक भरली आणि तो स्वतः ६ दिवस आडवा. मग माझी आई आली, तिचं वय बघता ती मला उचलूच शकत नव्हती, त्यामुळे मी जास्तच पडून राहायला लागले. पाठीखाली कमरेच्या हाडावर जखम झाली, आधी लाल चट्टा, मग साल गेलं. कूस बदलायला पाहिजे हे माहीत होतं, पण एका बाजूला बरगड्या आणि दुसऱ्या बाजूला मांडी, वळायचं कुठल्या कुशीवर? पलंगावरून खुर्चीत सरकायला एक गुळगुळीत फळी असते, ती ढुंगणाखाली घालायची आणि सरकायचं, कुणी उचलायची गरज नाही. हे रिहॅबच्या नर्सने आम्हाला नंतर २० मिनिटांत शिकवलं. २० मिनिटांत. नवऱ्याची पाठ आजही धड नाही.

आणि गुडघा. तक्त्यावर लिहिलेलं गुडघा वाकवणे, दिवसातून ३ वेळा, १० वेळा. सोबत त्या पुसट पायाच्या माणसाचं चित्र. मी पहिल्या दिवशी करायला गेले, मांडीत अशी कळ गेली की वाटलं आत रॉड सरकला. तिथून पुढे पाय उशीवर सरळ ठेवला तो ठेवलाच. मला कुणीतरी एकदाच जरी सांगितलं असतं की रॉड इतका सहज सरकत नाही, दुखणार आहे, एवढं दुखलं तर चालेल आणि असं असं दुखलं तर थांब, तर मी केलं असतं. कागदाला विचारता येत नाही. व्हिडिओलाही येत नाही.

अपघातानंतरच्या १० व्या आठवड्यात फॉलो-अप. एक्स-रे वर लावला, हाडांचे सर खूश. म्हणाले हाड छान जुळतंय. खरंच छान जुळत होतं, मी पण बघितलं. मग त्यांनी गुडघा वाकवायला सांगितला. वाकला ३५ अंश. मी आकडा विचारला म्हणून त्यांनी सांगितला, नाहीतर फाइलमध्ये फक्त स्टिफ असं लिहिलं होतं. ३५ अंशांत काय होतं? काही नाही. साधं सपाट चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो. जिना चढायला ९० च्या आसपास लागतात. खुर्चीतून नीट उठायला त्याच्याही पुढे. मुलांना मी कोन शिकवते, कंपास धरून, लघुकोन काटकोन विशालकोन. माझा स्वतःचा गुडघा लघुकोनात अडकला.

तिथे एक ज्युनियर डॉक्टर बसल्या होत्या, बहुतेक नवीन होत्या म्हणूनच त्यांनी विचारलं असेल, की यांना खाली रिहॅबला का नाही पाठवलं? सरांनी फाइलवरून मान वर केली आणि म्हणाले, हां, पाठवू या. बस्स. त्या तीन शब्दांवर माझं पुढचं वर्ष ठरलं. त्या डॉक्टर त्या दिवशी सुट्टीवर असत्या तर?

मी ३८ दिवस दुसऱ्या मजल्यावर होते. तिथे काय होतं हे मंडळातल्या किती जणांनी प्रत्यक्ष पाहिलंय मला माहीत नाही. चकाचक काही नाही तिथे. समांतर बार, एक तिरपं होणारं टेबल, आरसा, चार पायऱ्यांचा कुठेच न जाणारा जिना, हाताच्या व्यायामासाठी दाबायचे पुट्टीचे मऊ गोळे. पण पहिल्या दिवशी सकाळी माझ्या पलंगाभोवती एकदम ६ जण उभे होते, रिहॅबच्या डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या), नर्स, स्प्लिंट म्हणजे आधाराच्या पट्ट्या बनवणारे आणि सायकॉलॉजिस्ट, आणि त्यांनी मला विचारलं की तुम्हाला काय करता यायला पाहिजे? १० आठवड्यांत हा प्रश्न पहिल्यांदा. मी म्हटलं, फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिता आलं पाहिजे आणि ४० मिनिटं उभं राहता आलं पाहिजे. त्यांनी ते लिहून घेतलं. अक्षरशः तसंच, माझ्या शब्दांत. आणि दर शुक्रवारी त्याच वाक्याच्या समोर किती झालं ते लिहायचे, मीटिंगला मलाही बसवायचे.

बेरीज तिथे झाली माझी. फिजिओ म्हणणार गुडघा जोरात वाकवू, डॉक्टर म्हणणार कमरेचं हाड बघता अजून ८ दिवस एवढाच जोर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणणार सकाळी डोकं चालतं तेव्हा हाताचं काम आधी द्या, दुपारी ती थकते. हे भांडण माझ्यासमोर व्हायचं आणि निर्णय व्हायचा. वर वॉर्डात प्रत्येकाचं म्हणणं माझ्या फाइलमध्ये स्वतंत्र पानांवर पडून असायचं.

तरी उशीर झालाच होता. तीन आठवडे प्रयत्न करूनही गुडघा ६२ च्या पुढे जाईना, शेवटी भूल देऊन वाकवावा लागला. म्हणजे अजून एकदा ऑपरेशन थिएटर, अजून एकदा ॲनेस्थेशिया. सुरुवातीपासून हलवला असता तर कदाचित हे टळलं असतं, डॉक्टरांनीच कदाचित म्हटलं म्हणून मी पण कदाचितच म्हणते. वॉर्ड सोडताना ९७ होता. आज ११८.

आता डोक्याचं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

डिस्चार्जच्या वेळी दुसरा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून मेंदूच्या डॉक्टरांनी माझी फाइल बंद केली. घरी मला वाटायचं औषधांमुळे होतंय. टीव्ही आणि माणूस एकाच वेळी बोलले की मला रडू यायचं. आईवर ओरडायचे, मग आठवायचं नाही का ओरडले. रिहॅबमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टने मला आठवड्याचा औषधांचा डबा भरायला दिला, ७ खाने सकाळचे ७ रात्रीचे, चिठ्ठी समोर. मला वाटलं हे काय लहान मुलांचं काम. २५ मिनिटं लागली, आणि गुरुवारच्या खान्यात दोन दिवसांच्या गोळ्या टाकल्या होत्या, शनिवार रिकामा. मग मी स्वतःच म्हटलं थांबा, मला एक गुणाकार करू द्या. ४७ गुणिले ६. सात सक बेचाळीस, दोन लिहिले, हातचे चार. पुढे चार सक चोवीस. आणि हातचा गेला. कुठे गेला माहीत नाही. २४२ लिहिलं. २० वर्षं मुलांना सांगतेय हातचा विसरू नका रे, आणि मी त्या कागदाकडे बघत बसले आणि मला कळेचना की चूक कुठे आहे, फक्त एवढं कळत होतं की चूक आहे.

सायकॉलॉजिस्टने नंतर समजावलं की स्कॅन स्वच्छ असला तरी लक्ष, वेग, लक्षात धरून ठेवणं हे सगळं महिनोन् महिने ढिलं राहू शकतं, आणि आयसीयूत जास्त दिवस राहिलेल्यांना तर डोक्याला मार नसतानाही असं होतं, त्याला वेगळं नावसुद्धा आहे, पोस्ट-इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम. भास झालेले असतात, आठवणींत भोकं असतात, रात्री झोप येत नाही. मला तर ११ दिवसांच्या जागी एक भयंकर स्वप्न आठवत होतं की मला कुणीतरी बांधून ठेवलंय. बांधलेलंच होतं म्हणे, नळी ओढू नये म्हणून हात मऊ पट्ट्यांनी. हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर मी चार महिने स्वतःला वेडी समजले नसते.

कमरेचं हाड मोडल्यावर लघवीचं काय, नवरा-बायकोतल्या संबंधांचं काय, हेही वर कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खाली नर्सने दार लावून विचारलं. याविषयी इथे एवढंच.

नोटिशीत कारण दिलेलं नाही, पण विचारल्यावर सांगितलं गेलं की रिहॅबचे बेड लवकर रिकामे होत नाहीत, सर्जरीला बेड कमी पडतात. बेड कमी पडतात हे खरं असेल. मी वर वॉर्डात कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर थांबलेले लोक पाहिलेत. पण हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तुम्ही एका पेशंटने किती दिवस बेड अडवला ते मोजताय. त्या पेशंटला नंतर पाठीच्या जखमेसाठी किती वेळा यावं लागलं, भूल देऊन गुडघा वाकवायला थिएटरचा किती वेळ गेला, फॉलो-अपला व्हीलचेअर ढकलत कितीदा आली, हे दुसऱ्या रजिस्टरमध्ये आहे म्हणून या हिशेबात नाही. तिथेही बेड तुमचाच अडतो. आणि नवऱ्याची पाठ, माझा बुडालेला पगार, आईची झोप, हे तर कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. उदाहरण सोडवताना अर्धी पदं खोडली तर उत्तर लहान येतंच, मुलं पण करतात असं.

आणि हे मी एकटी म्हणत नाहीये. रस्ते अपघातात दरवर्षी जगभरात सुमारे ११.९ लाख माणसं मरतात आणि २ ते ५ कोटी जखमी होतात, हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे. मरणारे मोजले जातात, उरलेल्या कोटींचं पुढे काय होतं ते कुणी विचारत नाही. त्याच संघटनेच्या हिशेबाने रिहॅबचा उपयोग होईल अशी माणसं जगात २४० कोटी आहेत. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठराव केला की रिहॅब ही आरोग्यसेवेचाच भाग धरा, वरून लावलेली शोभा नव्हे (शोभा हा माझा शब्द). इंग्लंडमध्ये ट्रॉमाच्या पेशंटला औषधांसारखंच रिहॅबचं प्रिस्क्रिप्शन लिहून देतात, आणि २०२२ च्या तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत रिहॅबची गरज लवकरात लवकर तपासा आणि पेशंटला संपर्कासाठी एक ठरलेलं माणूस द्या असं म्हटलंय.

लवकर म्हणजे किती लवकर? आयसीयूतच. २०१३ मधल्या एका अभ्यासात गंभीर पेशंटच्या मांडीचा स्नायू आयसीयूत १० दिवसांत जवळपास १८ टक्के बारीक झालेला दिसला. १० दिवस! मी तिथे ११ होते. त्या दिवसांत माझं लुळं पाऊल खाली लोंबत राहिलं, पोटरीची शीर आखडली, ती सोडवायला नंतर दीड महिना गेला. पाऊल काटकोनात धरून ठेवणारी एक साधी पट्टी लावली असती तरी बरंच काम झालं असतं. आयसीयूतल्या नर्सना मी दोष देत नाही, त्यांनी मला जिवंत ठेवलं. पण दिवसातून एकदा फिजिओ आयसीयूत यायला पाहिजे, आणि तुमचे दोन फिजिओ अख्ख्या रुग्णालयाला पुरे पडत नाहीत हे तुम्हालाही माहितीये.

वॉर्ड असला की काय फरक पडतो याचं जुनं उदाहरण तिथल्याच भिंतीवर एका पोस्टरमध्ये होतं. पाठीचा कणा तुटलेले सैनिक पूर्वी पाठीच्या जखमांनी आणि लघवीच्या इन्फेक्शनने मरायचे, डॉक्टर आशा सोडून द्यायचे. १९४४ मध्ये लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरांनी इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला त्यांच्यासाठी वेगळा वॉर्ड सुरू केला. त्यांनी काही चमत्कारी ऑपरेशन नाही शोधलं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलायची, आणि पेशंटला कामाला लावायचं. १९४८ मध्ये अशा १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली, पुढे त्यातूनच पॅरालिम्पिक आलं. मी पोस्टर वाचायचे तेव्हा माझी पाठीची जखम भरत आली होती, दोन तासांचा अलार्म लावून नर्स येत होत्या, त्यामुळे मला ते फार पटायचं.

तर माझ्या मागण्या. मोठ्या नाहीत.

दुसऱ्या मजल्यावरच्या १४ खाटा बंद करू नका. सर्जरीला बेड पाहिजेत तर त्याचा मार्ग वेगळा शोधा, पेशंटशी आणि तिथल्या स्टाफशी बोलून शोधा. त्या स्टाफलाही नोटीस लिफ्टपाशीच वाचायला मिळाली.

ज्यांना एकापेक्षा जास्त ठिकाणी मोठ्या जखमा आहेत अशा प्रत्येक पेशंटला रिहॅबच्या डॉक्टरांनी आयसीयूत असतानाच येऊन बघावं. कुणी ज्युनियर डॉक्टर प्रश्न विचारेल यावर ते अवलंबून नको.

डिस्चार्जच्या कागदावर सगळ्या विभागांच्या सूचना एका माणसाने वाचून, एकमेकांत बसतात का बघून, मग सही करावी. आणि त्या माणसाचा फोन नंबर कागदावर असावा. ही मागणी तर उद्यापासून फुकटात होईल.

घरी जाण्याआधी घरच्यांना उचलणं, सरकवणं, कूस बदलणं करून दाखवावं, आणि त्यांच्याकडून करून घ्यावं. चित्र देऊ नका.

डोक्याला मार लागलेल्या किंवा आयसीयूत राहिलेल्या पेशंटची तीन महिन्यांनी स्मरणशक्तीची आणि मनाची तपासणी व्हावी, स्कॅन कसाही असो.

आणि हा निर्णय कुठल्या आकड्यांवर घेतला ते आकडे जाहीर करा. तपासून द्यायला मी तयार आहे, आता हातचे बऱ्यापैकी लक्षात राहतात.

वर्गात मी परत गेलेय, अर्धा वेळ. फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिता येतं, ४० मिनिटं उभं राहणं अजून होत नाही, २५ ला बसते. पायाच्या नसेबद्दल फिजिओने सांगितलं होतं की नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मी लगेच पट्टी घेऊन मोजलं, नस दुखावली तिथून पायाचा अंगठा उचलणाऱ्या स्नायूपर्यंत साधारण २० सेंटीमीटर, म्हणजे २०० दिवस धरून चालू. कॅलेंडरवर खूण केली. २०० व्या दिवशी काही झालं नाही, फार वाईट गेला तो दिवस. २३१ व्या दिवशी मोजा घालताना अंगठा वर उचलला गेला, अगदी थोडा, मी नवऱ्याला हाक मारली तर तोवर खाली आला होता, मग परत उचलून दाखवला. वर वॉर्डात मला होईल हळूहळू एवढंच सांगितलं होतं. हळूहळू म्हणजे किती ते खाली सांगितलं, म्हणून मी थांबू शकले.

मंडळाची बैठक या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आहे असं कळलं. मी आणि दुसऱ्या मजल्यावरचे आधीचे ९ पेशंट भेटायला येणार आहोत. दोघं व्हीलचेअरवर आहेत, एकीला आवाज सहन होत नाही त्यामुळे तिला शांत खोली लागेल. लिफ्ट बंद असणार असेल तर आदल्या दिवशी कळवा, मला पाचव्या मजल्यावर जिन्याने यायला ११ मिनिटं लागतात, मी तेवढी आधी निघेन.

तुमची,
चौथ्या आणि दुसऱ्या मजल्यावरची एक माजी पेशंट